सीलवाले चाचा

"माफ करायला अल्ला बसलाय, बाय. मी वायरमन हाय."

रियाधमधल्या पहिल्या सहा वर्षांत चाचांचं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याची गणतीच नाही. इतका डूख धरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि परमुलखात इतकी माया मला दुसऱ्या कोणी लावलीही नाही. चाचा दापोलीकडच्या एका बंदरगावचे. आमच्या घरमालकाच्या चार-पाच व्हिला होत्या, त्यांचे मजले त्याने भाड्याने दिले होते, आणि तिथलं विजेचं सगळं काम चाचांकडे. त्यातल्याच एका व्हिलाच्या तळमजल्यावर आम्ही राहायचो. मी घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करते, त्यामुळे दुपारचा चहा चाचांचा आमच्याकडे ठरलेला.

त्यांच्या सुडाची तऱ्हा न्यारी होती. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ त्यांना चुटकी वाजवून बोलवायचे. चाचा निमूटपणे जायचे, काम चोख करायचे. पण एकदा त्यांच्या न्हाणीघरातला बोर्ड बदलताना दिव्याचं बटण आणि पंख्याचं बटण यांची अदलाबदल करून आले. पुढची दोन वर्षं तो माणूस आंघोळीला जाताना आधी अंधारात पंखा लावत होता. "सूड घ्यायचा तो कोणाला करंट न लागता," असं चाचा वर मलाच शिकवायचे. मी हसून हसून बेजार.

पण मीटरच्या बाबतीत हा माणूस सोवळ्यातला. मीटर वीज कंपनीचा, आणि त्याच्या खालच्या झाकणाला तारेचं सील. त्या सीलाला चाचांनी तीस वर्षांत बोट लावलं नव्हतं. "लोक हजची गोष्ट सांगतात, मी सीलाची सांगतो," म्हणायचे. वरच्या गच्चीवरच्या खोलीत मालकाचा सुपरवायझर राहायचा. आपलाच, ठाण्याचा मराठी माणूस. त्याने एकदा गळ घातली, की सील तोडून माझ्या एसीसाठी मीटरच्या अलीकडून, म्हणजे बिलात न येणारी, एक वायर ओढून द्या, कोणाला कळतंय? चाचांनी त्याला पायऱ्यांवरूनच परत पाठवला. ते त्याच्या मनात राहिलं.

मला त्या वर्षी घर मोबाइलवर चालवायचं खूळ लागलं होतं. दिवे, एसी, गीझर सगळं जोडून झालं. राहिला मीटर. कुठला एसी किती वीज खातो ते मला बसल्या जागी बघायचं होतं. मीटर नावाला स्मार्ट, पण त्याची माहिती कंपनीकडे जाणार, आमच्या घराला नाही. कंपनी आतलं जोडणीचं तोंड उघडून देईना. चाचा मीटरसमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ त्याचा लाल दिवा बघत राहिले. तो दिवा एका युनिटला हजार वेळा लुकलुकतो. "हा बोलतोच हाय की, बाय. तुझ्या यंत्राला नुसता ऐकायला लाव." मग आम्ही त्या दिव्यावर उजेड ओळखणारा एक इवलासा डोळा काळ्या चिकटपट्टीने बसवला. तो लुकलुक मोजायचा आणि आकडा वायफायवरून घरातल्या यंत्रणेला पाठवायचा. सीलाला धक्का नाही. तरीही चाचांनी मला आधी आणि नंतर सीलाचे फोटो काढायला लावले.

चाचणी घेताना मीटरच्या पेटीचं दार उघडं राहिलं, पट्टीखालून ऊन शिरलं, आणि आमचं घर बर्फाच्या कारखान्याइतकी वीज खातंय असं मोबाइल सांगू लागला. दार लावल्यावर सगळं ठीक. "दार उघडू नको हां, तुझा यंत्र पिसाळतो," चाचा म्हणाले. पेटीच्या किल्ल्या दोनच होत्या, एक चाचांकडे आणि एक सुपरवायझरकडे.

पुढे महिन्याभरात चाचांचं फायनल एक्झिट, म्हणजे मालकाच्या संमतीने देश कायमचा सोडणं, ठरलं. धाकट्या मुलीचा निकाह होता, आणि त्यानंतर ते कायमचे गावी राहणार होते. त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस तपासणीला आला तर मीटरचं सील तुटलेलं! सुपरवायझरने मालकाला लगेच सांगितलं, की त्या बाईचं यंत्र जोडताना चाचांनीच तोडलं. मी फोटो दाखवले तर म्हणे, नंतर येऊन तोडलं असेल. मालक कामासाठी दम्मामला निघाला होता. आठ दिवसांनी येऊन निकाल लावतो, तोवर एक्झिट नाही, असं सांगून तो गेला. निकाह सातव्या दिवशी होता.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्याच दिवशी मी यंत्रणेतला महिन्याचा आलेख काढून बसले, आणि एका शुक्रवारी दुपारी बारानंतर रेघ सरळ आभाळात गेलेली दिसली. अर्धा-पाऊण तास आमचं घर पुन्हा बर्फाचा कारखाना! म्हणजे तेवढा वेळ पेटी उघडी होती. जुम्म्याची नमाज, रस्त्यावर चिटपाखरू नाही, मेल्याने बरोबर ती वेळ साधली होती.

"आत्ता मालकाला पाठवते," मी म्हटलं. "उद्या तुमचं एक्झिट होईल, परवा विमान."

चाचांनी माझा फोन बाजूला ठेवला. "पाठवलास तर तो म्हणेल, किल्ली हरवली व्हती, कोणी उचलली असंल. सुटला ना मग? मालक येऊ दे. त्याला तोंडावर शपथ घेऊ दे."

"आणि निकाह?"

त्यांनी फोन माझ्यापासून आणखी दूर सरकवला. खरं सांगते, मीही मग आलेख पाठवला नाही. त्या माणसाचं पडलेलं तोंड मलाही बघायचं होतं.

निकाह चाचांनी आमच्या दिवाणखान्यात बसून मोबाइलवर पाहिला. नवा कुडता घातला होता. मुलीचं "कबूल" ऐकू आलं तेवढ्यात आवाज तुटला. त्यांनी फोन कानाला लावून पाहिला, मग टेबलावर पालथा ठेवला आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी मालक आला. आम्ही सगळे मीटरच्या पेटीसमोर उभे. मालकाला कामापुरती हिंदी येते. चाचांनी सुपरवायझरला अगदी गोडीत विचारलं, "साहेब, तुमची किल्ली कधी कोणाला दिली व्हती? हरवली व्हती?"

"कधीच नाही. चोवीस तास माझ्या कमरेला असते. पोरांची शपथ."

"बाय, दाखव."

मी मोबाइल मालकापुढे धरला. वार दाखवला, वेळ दाखवली. मालक म्हणाला, "जुम्मा? तेव्हा हा चाचा मशिदीत माझ्या शेजारी होता." मग त्याने सुपरवायझरच्या कमरेकडे पाहिलं, आणि पेटीतून गच्चीवरच्या त्याच्या खोलीकडे गेलेली नवी वायर डोळ्यांनी वरपर्यंत नेली. "खलास," एवढंच बोलला. सुपरवायझरने कमरेची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. मला आनंद झाला, आणि तो मी लपवणार नाही. त्याची नोकरी गेली. चाचांच्या मात्र चेहऱ्यावर काही नव्हतं.

चाचा गावी गेले. पहिल्याच ईदला त्यांचा फोन आला. "बाय, त्या ठाणेवाल्याला सांग, माफ केला. सूड माझा झाला, पण निकाहाच्या दिवशी पोर मला शोधत व्हती. त्याने एक दिवस नेला, सात मी घालवले." आता प्रत्येक ईदला विचारतात, "निरोप दिलास ना?" मी हो म्हणते.

नाही दिला. त्याला माफ केलं तर त्या सात दिवसांतला माझा वाटा माझ्याच अंगावर येतो. सुपरवायझर हल्ली रियाधच्याच अल सुलै भागातल्या एका गोदामात कामाला आहे. मागच्या महिन्यात तिकडे भेटला. केस पार पिकलेत. मान खाली घालून म्हणाला, "ताई, चाचा माझ्याबद्दल कधी काही बोलतात का?"

"बोलतात ना," मी म्हटलं. "माफ करायला अल्ला बसलाय म्हणतात."