एकीला जायचं इंग्रजी

लातूरच्या एका प्रशिक्षणात बाहेरून आलेल्या बाईंनी आम्हाला विचारलं, "तुमचं शिकवण्याचं तत्त्वज्ञान काय?" बाकीच्या शिक्षिका कळ्या, फुलं, माळी असलं काहीबाही सांगत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "लेकराला लागली की त्यानं उठून जावं." सगळ्या खो खो हसल्या. मला काही हसू आलं नाही.

मी ज्युनिअर केजीला शिकवते. आमच्या शाळेचा नियम असा, की एकीला जायचं तर इंग्रजीत विचारायचं, तेही पूर्ण वाक्यात. 'मे आय गो टू द वॉशरूम, मॅम?' ज्याला येत नाही त्यानं बसून राहायचं. प्रिन्सिपल मॅडम म्हणतात, गरज पडली की भाषा आपोआप येते. अहो, चार वर्षांच्या लेकराला गरज पडली की चड्डी ओली होते, भाषा कुठली येते!

माझ्या तासाला मी हा नियम कधी पाळला नाही. "बाई, लागली" एवढं म्हणता आलं की लेकरू उद्या मला पोटात दुखतंय तेही सांगेल, गणित समजलं नाही तेही सांगेल. शिकवणं तिथून सुरू होतं. पण दुपारी दुसऱ्या बाई यायच्या. त्यांच्या तासाला माझ्या वर्गातल्या एका मुलीची चड्डी ओली झाली आणि बाईंनी तिला तसंच सगळ्यांपुढं उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून पोरीनं शाळेत पाणी पिणंच सोडलं.

थोड्या दिवसांनी तिची आई आली. "बाई, बाटली भरलेली वापस येऊन राहिली. लघवीला जळजळ होती म्हणून लई रडती लेकरू." डॉक्टरांनी इन्फेक्शन सांगितलं होतं. ज्या गावात बाया टँकरमागं धावतात, त्या गावात एक लेकरू भर उन्हाळ्यात भरल्या बाटलीकडं पाहून तोंड फिरवतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तडक प्रिन्सिपलकडं गेले. त्यांनी मुलीच्या वडिलांना बोलावून घेतलं. माणूस चाकूरकडचा, नोकरीसाठी लातुरात आलेला. मला वाटलं, आता हा टेबलावर हात आपटणार. तर हा म्हणतो, "मॅडम, नियम मोडू नका. आमाला इंग्रजी आलं न्हाई म्हणून आमी मागं राहिलो. पोरगी तशी राहू नये. आन पानी ती घरी बी कमीच पिती."

प्रिन्सिपल मॅडमनी माझ्याकडं बघून मान हलवली. वर त्याच्यासाठी चहा मागवला, थंड पाणी मागवलं. मी बडबड बडबडले. पालथ्या घड्यावर पाणी.

बाहेर व्हरांड्यात मुलगी उभी होती. बापानं तिचं बोट धरलं, चार पावलं गेला आणि परत माझ्याकडं आला. हळूच म्हणाला, "मॅडम, बाथरूम कुठं हाय हितं?"

"इंग्रजीत विचारा," मी म्हटलं. "पूर्ण वाक्यात."

तो लालबुंद झाला. तेवढ्यात पोरीनं त्याचा हात ओढला आणि अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं,

"पप्पा, हितं पानी प्यायचंच न्हाई. मंग लागत न्हाई."