गोटीरामचं दातांचं मशीन

गोटीराम दिवसाला चार वाक्यं बोलतो आणि त्यातली दोन गवताशी. द्रोणागिरीत आमच्या गोडाऊनमागं बारा एकर मोकळी जागा आहे, तिच्या तिन्ही बाजूंना पाणी काढायला खोल चर खणलेत. पावसाळा सरला की तिथं माणूस उभा दिसणार नाही एवढं गवत माजतं. साप निघतात, वाळलं की आगीची भीती, म्हणून दिवाळीच्या आत ते कापावंच लागतं. एकोणीस वर्षं हे काम गोटीराम आणि त्याची बायको पुतळा विळ्यानं करत आलेत. मी दिनानाथ, इथला स्टोअरकीपर. गाव सातारा जिल्ह्यातलं, तेव्हा विळा कसा धरतात ते मला कुणी शिकवू नये. पण गोटीरामचा विळा चालताना पाहिला आणि म्हटलं, दिनानाथ, तू आपला गप्प बस.

माणूस शेजारच्याच गावचा. तरुणपणी मिठागरात टोपल्या वाहिल्या, मग भातशेती केली, मग ती शेती नव्या शहरासाठी गेली. आमचं आवार आहे तिथं त्याच्या चुलत्याचं भात पिकायचं. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही, पुतळावैनींनी सांगितलं. तो याविषयी ना रडतो, ना भांडतो. त्याला राग येत नाही, म्हणून मला जास्त येतो.

दोघांची एक पद्धत आहे. कापणीआधी पुतळावैनी काठी घेऊन सगळ्या गवतातून फिरतात. दगड, गज, तारेचं भेंडोळं, पाखराचं घरटं, काहीही लागलं की तिथलं गवत मुठीत धरून शेंड्याला गाठ मारतात. मागून गोटीराम येतो, गाठ दिसली की विळा वळवतो. बोलाचाली काही नाही. त्यांच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं, गाठ म्हणजे लांब राहा. एकोणीस वर्षांत त्याचा विळा दगडावर गेलेला मी पाहिला नाही.

या वर्षी आमचे मॅनेजर नंदकिशोर साहेब म्हणाले, "विळा बास झाला. मशीन घेऊ. एक मशीन, एक माणूस." वाशीच्या दुकानातून दोन मशीनं मागवली. दोन्ही चालवून बघायची आणि एक ठेवायचं. पहिलं खांद्याला पट्ट्यानं अडकवायचं, लांब दांड्याच्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी. सोसायट्यांमधले माळी वापरतात तेच. दुसरं दोन चाकांचं, हातानं ढकलायचं, पुढं जमिनीलगत दातांचा लांब पट्टा. न्हाव्याचं केस कापायचं मशीन मोठं केलं तर असंच दिसेल.

"गोटीराम, तुला कुठलं बरं वाटतं?" साहेबांनी विचारलं.

"ढकलायचं."

"का?"

"बरं हाय."

झालं, संपलं भाषण! खरं कारण मला माहीत होतं. गोटीरामचा उजवा खांदा कामातून गेलाय. वर्षभर तो चहा घेताना सगळ्यांकडं पाठ करून बसतो, कप डाव्या हातात. निम्म्याहून जास्त गवत वैनीच कापतात. खांद्यावरचं मशीन आलं की ह्याची कायमची सुट्टी, त्या जागी कुणी धडधाकट कंत्राटी माणूस येणार. मी म्हटलं, "गोटीरामदादा, साहेबांना खांद्याचं सांग की." तर म्हणतो, "सांगून काय? मंग आजच घरी पाठवतील." कप्पाळ माझं!

मंगळवारी सकाळी दुकानाचा माणूस चंद्रशेखर दोन्ही मशीनं घेऊन आला. आधी खांद्यावरचं चालवलं. बोटभर लॉनवर ते झकास चालत असेल, पण इथं पुरुषभर गवत. दर दोन मिनिटांनी गवताचा गुंडा दोरीला गुंडाळला जायचा, मशीन बंद. चराच्या उतारावर चंद्रशेखर दोनदा घसरला. एक खडा उडाला तो थेट साहेबांच्या गाडीवर टण्णकन बसला. मला आतून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग चंद्रशेखरनंच दातांचं मशीन ढकलायला घेतलं. अहाहा! गवत बुंध्यात कापलं जायचं आणि अख्खंच्या अख्खं आडवं पडायचं. चाकं काठावर आणि पट्टा उतारावर, असंही चालायचं, म्हणजे चरात उतरायची भानगडच नाही. गोटीराम चक्क हसला. तेवढ्यात खाडकन आवाज झाला. मशीन थांबलं, पाहिलं तर पट्ट्याचे तीन दात तुटलेले.

"हे तर पहिल्याच दिवशी गेलं," साहेब म्हणाले. "खांद्यावरचंच ठेवा."

"आत दगड आहे हे मला कसं कळणार, सर?" चंद्रशेखर कुरकुरला.

गोटीराम पुढं झाला. "गाठ हाय ना तितं. दिसली नाय काय रं तुला?"

"कसली गाठ?"

मी कपाळाला हात लावला. वैनींनी पहाटेच येऊन सगळ्या चरांच्या गवताला गाठी मारल्या होत्या आणि दोघांनी कुणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. ही काय सांगायची गोष्ट आहे, असं त्यांना वाटलं. बरं, ते नाही बोलले. मी तर एवढी वर्षं बघतोय, मलाही सुचलं नाही. लाज वाटली. मी साहेबांना सगळं समजावून सांगितलं.

त्यांनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे. पलीकडचा चर ह्याला कापू द्या. एक जरी दात तुटला तर विषय संपला."

चंद्रशेखरनं डब्यातले नवे दात काढून बसवले. गोटीरामनं दांडे धरले. पण मशीन चालू करायला इंजिनाची दोरी ओढावी लागते, खांद्यापर्यंत, जोरात, आणि ती उजव्या अंगाला. हे ना त्याच्या डोक्यात आलं होतं, ना माझ्या. त्यानं डावा हात आडवा घालून ओढली, निम्मीच आली. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा इंजिन नुसतं खोकलं.

"उजव्या हाताला काय झालंय?" साहेबांनी विचारलं.

गोटीरामनं मान खाली घातली. तेवढ्यात पुतळावैनी काठावरून आल्या, पदर खोचला, "सरा," म्हणाल्या आणि एका हिसक्यात दोरी ओढली. मशीन धडधडायला लागलं.

"घरचा पंप पन मीच चालू करतंय, सायेब," असं म्हणून त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

पाऊण तासात चर साफ झाला. आडव्या पडलेल्या गवतात अकरा झुबके तेवढे उभे होते, प्रत्येकाच्या शेंड्याला गाठ. दात सगळे जागेवर. साहेब बूट सांभाळत स्वतः खाली उतरले. एका झुबक्यात गज, एकात मुनिया पाखराचं घरटं. परत येताना तीन दात खाल्लेला तो पहिला दगडही त्यांनी पाहिला.

"हा काढून का टाकत नाही?"

"बांधाचा हाय," वैनी म्हणाल्या. "ह्यांच्या चुलत्याच्या शेताचा."

साहेब दगडाला वळसा घालून काठावर चढले.

दुपारी स्टोअरमध्ये दातांच्या मशीनचा फॉर्म भरला. 'चालक' या रकान्यात मी गोटीरामचं नाव लिहिलं आणि सहीला पुढं केलं. साहेबांनी वाचलं. "आणि चालू कोण करणार?"

"साहेब, तुम्हीच म्हणालात, एक मशीन, एक माणूस."

"दिनानाथ, लिहा."

मी खाली पुतळावैनींचं नाव लिहिलं.

चहाच्या वेळी दोघांना सांगितलं. वैनी नुसत्या हसल्या. गोटीरामनं हळूच विचारलं, "कागदावर माजा खांदा लिवलास काय?"

"नाही रे बाबा. तुम्हां दोघांची नावं लिहिलीत."

तो आमच्याकडं तोंड करून वळला आणि सगळ्यांसमोर डाव्या हातानं कप उचलून चहा प्यायला.