न दमणाऱ्या घोड्याची चौकशी

कशेळीत कुणाच्या मुलीला स्थळ सांगून आलं की पत्रिका नंतर बघत, आधी केसरीनाथ तरेला बोलावत. मुलगा कसा आहे ते केसरीनाथ बघून येणार असं एकदा ठरलं की मुलीचा बाप निर्धास्त झोपायचा. आणि केसरीनाथ बघायचाही अगदी त्याच्या पद्धतीने. मुलाला तो कधी काही विचारत नसे. विचारल्यावर कोण वाईट सांगणार आहे? मुलगा घरी नसेल असा दिवस गाठायचा, त्यांच्या गावच्या टपरीवर चहा घ्यायचा, मग पत्ता चुकल्याचं सोंग आणून सरळ त्यांच्या मागल्या अंगणातून जायचं. कुणी बघत नसताना मुलगा आपल्या वस्तू कशा ठेवतो, एवढंच त्याला बघायचं असे. खाडीकाठच्या एका घरी होडीचा दोर सुबक वेटोळं करून ठेवलेला दिसला, तर केसरीनाथ तिथूनच मागे फिरला आणि म्हणाला, "द्या पोरगी." दुसरीकडे एकदा गप्पा रंगात आल्या होत्या, इतक्यात मुलाच्या मोटरसायकलचा आवाज आला आणि अंगणातलं कुत्रं खाटेखाली जाऊन दडलं. केसरीनाथ चहा न घेताच उठला.

"हो" किंवा "न्हाय". मधलं काही त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. त्याच्या जमिनीवर गोडाऊन उभं राहिल्यापासून शेतीचं काम उरलं नव्हतं, त्यामुळे लोकांच्या चौकशीला वेळच वेळ होता. आपल्या घरासाठी मात्र तो वेळ कुठे जायचा कोण जाणे. मागच्या दाराची मधली पायरी निखळली होती, ती बसवतो असं तो म्हणाला तेव्हा त्याची मुलगी मनाली शाळेत जात होती. त्याची बायको पुतळाबाई धुण्याची बादली कमरेवर घेऊन तेवढी पायरी ओलांडायची, लांब टांग टाकून. तिने दोन-चारदा सांगून बघितलं, मग सांगायचं सोडून दिलं.

तीच मनाली आता गोडाऊनच्या ऑफिसात बिलिंगला होती. एके दिवशी जेवताना तिने सांगून टाकलं की तिच्या कामावरचा कुणाल तिला आवडतो, पडघ्याचा आहे, शिफ्ट इनचार्ज आहे, आणि त्याच्या घरून विचारणार आहेत.

"पण बाबा, तुम्ही बघून या," ती म्हणाली. "गावातल्या सगळ्या पोरींसाठी बघितलंत, मग माझ्या वेळी का नाही? तुम्ही नाही म्हणालात तर मीही नाही म्हणेन."

केसरीनाथची छाती फुगली. त्या रात्री मात्र तो कूस बदलत राहिला. इतके दिवस तो दुसऱ्यांच्या पोरींचे निकाल देत होता आणि शांत घोरत होता.

पडघ्याला जाऊन बघतो तर काय, कुणालच्या घराला मागलं अंगणच नव्हतं. होती एक उंच इमारत आणि प्रत्येक मजल्यावर बंद दारं. ना गोठा, ना होडी, ना कुत्रं. खाली टपरीवाल्याला कुणाल नावाचा कुणी माहीत नव्हता. शेवटी केसरीनाथने वॉचमनला गाठलं.

"कुणाल? वो चौथे माले वाला? अच्छा लडका है," वॉचमन म्हणाला.

"अच्छा मतलब?"

"मतलब... आता है, जाता है." वॉचमनने जरा विचार केला. "छुट्टी के दिन बाहर नहीं निकलता. टीवी पे घोडा चलाता है."

एवढी शिदोरी घेऊन केसरीनाथ परतला. मनालीला विचारलं तर ती हसून म्हणाली, "गेम आहे तो. जादू, राक्षस, राजे असलं सगळं. दोन वर्षं तोच एक खेळतोय."

"दोन वर्सं? आनि संपला न्हाय?"

"खूप मोठा आहे, बाबा. त्यात वाटेल तिकडे फिरता येतं."

केसरीनाथच्या डोक्यात हे काही शिरेना. क्रिकेटची मॅच संध्याकाळी संपते, पत्त्यांचा डाव संपतो, कोणीतरी जिंकतं आणि माणसं घरी जातात. दोन वर्षं चालतो तो कसला खेळ? नाक्यावर त्याने हळूच विषय काढला. बाळाराम म्हणाला, "व्यसन हाय, दुसरा काय?" बाळारामचा पोरगा प्रितेश कंप्युटरवाला. तो म्हणाला, "काका, एवढा मोठा गेम दोन वर्षं धरून ठेवायला चिकाटी लागते. आजकाल कुणात आहे?" दोघांचंही केसरीनाथला पटलं, आणि हीच मोठी पंचाईत झाली. एकाच गोष्टीबद्दल दोन माणसं उलटसुलट बोलतात आणि दोघंही बरोबर वाटतात, असं त्याचं आजवर झालं नव्हतं.

दोन दिवस तो तंद्रीत होता. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुणी बघत नसताना हा मुलगा काय राखतो? तो गेमच की! त्याचं मागलं अंगण असलंच तर टीव्हीत आहे. तर मग तिथेच जाऊन बघायचं.

रविवारी पुतळाबाईला घेऊन तो न कळवता पडघ्याला जाऊन धडकला. "बाजारात आल्तो, म्हनलं डोकावून जावं." कुणालची आई चंद्राबाई चांगलीच गडबडली. तिने आधी सोफ्यावरचा गेमचा कंट्रोलर उचलला आणि घाईघाईने देवघराच्या खणात टाकला, घरात दारूची बाटली असावी तसा. केसरीनाथने ते बघितलं.

"ठेवू नका, आनाच तो," तो म्हणाला. "मना तोच बघायचा हाय."

कुणाल अंगाने किरकोळ, बोलायला हळू. त्याला वाटलं काका चेष्टा करतायत. पण काका टीव्हीसमोर मांडी घालून बसलेच, तेव्हा त्याचा नाइलाज झाला. स्वयंपाकघरात चंद्राबाई आणि पुतळाबाई चहाच्या तयारीला लागल्या. तिथला नळ गळत होता. टप, टप. केसरीनाथच्या कानाने तो आल्याआल्याच टिपला होता आणि मनात एक फुली मारली होती.

पडद्यावर डोंगर उघडले, नदी उघडली, माळावर वाऱ्याने गवत लवायला लागलं. एक गडी घोड्यावर बसून निघाला.

"हा तू?"

"हो, मीच म्हणायचं."

"आनि तुजं काम काय?"

"राजाने सांगितलंय, उत्तरेच्या काळ्या गडावर जाऊन राक्षसाला मारायचं. नाही मारला तर राज्य बुडेल."

"मग मारलास?"

कुणालने मान खाली घातली. "अजून गेलोच नाही तिकडे."

"दोन वर्सांत?"

"वाटेत लोकं भेटतात, काका. कुणाचा पूल पडलेला असतो, कुणाची बकरी हरवलेली असते."

केसरीनाथने मनात हिशोब मांडला. राजाने भरवशाने काम सोपवलंय, राज्य बुडायला आलंय, आणि हा लोकांच्या बकऱ्या शोधत फिरतोय. असा माणूस कामचुकार म्हणायचा की मायाळू? वाटेवर एका झोपडीशी कुणालने घोडा थांबवला आणि एका म्हातारीच्या दारात लाकडाची मोळी टाकली.

"ही तुला काय देते?"

"काही नाही. 'सुखी राहा' म्हणते."

"आनि तू रोज देतोस?"

"खेळायला बसलो की आधी हिच्याकडे येतो."

पुढे दगडगोट्यांचा उतार लागला. कुणालचा गडी घोड्यावरून खाली उतरला आणि लगाम धरून पायी चालायला लागला. केसरीनाथ पुढे सरकला. असं काही दिसावं म्हणून तर त्याने जन्मभर लोकांची अंगणं तुडवली होती.

"घोडा दमतो काय?"

"नाही. गेममध्ये घोडा दमतच नाही."

"मग उतरलास कशाला?"

कुणालने गडी तसाच पायी चालवला. "माहीत नाही. बसून राहायला बरं नाही वाटत."

होडीच्या दोरापेक्षा ही खूण मोठी होती. केसरीनाथच्या ओठांवर "हो" आलंच होतं, इतक्यात त्याला आठवलं की घोडा नाहीच. जो घोडा नाही आणि जो दमत नाही, त्याच्यावर केलेली माया खऱ्या हिशोबात धरायची की नाही? आणि आत नळ टप टप करत होता. तो नळ मात्र खरा होता, आणि त्या नळापाशी रोज राबणारी आईही खरी होती.

"पोऱ्या, एक सांग," त्याने आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या मुलाला सरळ त्याच्याबद्दल प्रश्न विचारला. "यात दोन वर्सं घालवून तुना मिळालं काय?"

"दिवसभर गोडाऊनमध्ये हातातला स्कॅनर सांगतो, या रॅकला जा, त्या खणातलं उचल, उशीर झाला," कुणाल म्हणाला. "मी इनचार्ज झालो तरी तोच सांगतो. इथे मला कुणी सांगत नाही. मला वाटेल तिकडे मी वळतो. मिळत काहीच नाही, काका. तुम्ही फिरून बघा ना जरा."

केसरीनाथने कंट्रोलर हातात घेतला. आधी त्याने घोडा भिंतीवर नेला, मग विहिरीच्या कठड्यावर, मग पुन्हा भिंतीवर. हळूहळू बोटं वळायला लागली. काळा गड उत्तरेला दिसत होता, पण त्याला नदी समुद्राला कुठे मिळते ते बघायचं होतं. तो नदीच्या कडेकडेने निघाला. चिखलातून पाय काढावे तशी चाल, बाजूला पाणथळ, वर उडणारे बगळे. चहा आला आणि गार झाला. पुतळाबाई दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. नदीच्या तोंडाशी पोचल्यावर त्याला इतका आनंद झाला की तो मोठ्याने "आलो रं!" म्हणाला. बाहेर बघतो तर उन्हं कलली होती.

परतीच्या बसमध्ये पुतळाबाई एवढंच म्हणाली, "नळ लई गळतो त्यांचा. बाई खाली तांब्या ठेवते, भरला की कुंडीत ओतते."

केसरीनाथ चपापला. नळ! आल्याआल्या ऐकलेला तो आवाज मधेच कधी ऐकू यायचा बंद झाला ते त्याला कळलंच नव्हतं. नळ तर थांबला नव्हता. आता तर तो पुरता गोंधळला. मुलगा चांगला होता, त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. गेमही वाईट नव्हता, तो स्वतः त्यात सुखाने हिंडून आला होता. आणि त्याच सुखात तो बहिरा झाला होता.

घरी मनाली वाटच बघत होती. "काय ठरवलंत?"

"मना... मना ठाव न्हाय," केसरीनाथ म्हणाला. हे शब्द त्याच्याच घरात त्याला परके वाटले. मग त्याने सगळं सांगितलं: राजाचं काम, म्हातारीची मोळी, घोडा, नळ. "भायेरच्या लोकांची कामं करतो, घरातला नळ गळतो. असा मानूस बाईला कसा पडतो, ते मना कसं कळनार?"

पुतळाबाई मागच्या दारात धुणं पिळत होती. ती शांतपणे म्हणाली, "मना विचारा की."

केसरीनाथने तिच्याकडे बघितलं. मग, खरोखरच, विचारलं. "कसा पडतो?"

पुतळाबाईने पिळलेलं पातळ बादलीत टाकलं. "मानूस वाईट न्हवता," ती म्हणाली. "पन घरात न्हवता."

तिने बादली उचलली आणि नेहमीसारखी लांब टांग टाकून खाली उतरली. मनालीने वडिलांकडे बघायचं टाळलं. 

दुसऱ्या दिवशी नाक्यावर तो दिसला नाही. त्याने सिमेंट आणलं, रेती चाळली, घाम गाळत पायरी बसवली, वर पोतं भिजवून घातलं आणि कुणी पाय ठेवू नये म्हणून तिथेच राखण करत बसला. पायरी पक्की झाल्यावर त्याने पोतं काढलं, पायरीवर उभं राहून नाचूनही बघितलं. मग कौतुक ऐकायला म्हणून मागच्या ओसरीवर बसून राहिला.

पुतळाबाई बादली घेऊन आली. नवी पायरी तिने बघितली, जराशी हसलीसुद्धा. आणि लांब टांग टाकून ती पायरी ओलांडून खाली उतरली. केसरीनाथला वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं, तिसऱ्यालाही. तिला ते कळतही नव्हतं. तिच्या पायाला आता तसंच उतरता येत होतं.

केसरीनाथ बराच वेळ त्या पायरीकडे बघत बसला. मग त्याने मनालीला हाक मारून कुणालला फोन लावायला सांगितला. मनाली फोन देऊन तिथेच उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"कुनाल, लग्नाचं नंतर बोलू," केसरीनाथ म्हणाला. "आधी तो नळ दुरुस्त कर. आईला तुज्या सवय झाली म्हंजे मग करून उपेग न्हाय."

 पलीकडून कुणाल खरोखरच गोंधळून म्हणाला, "कुठला नळ, काका?"

मनालीने डोळे मिटून घेतले. केसरीनाथच्या तोंडापर्यंत जुन्या सवयीने "न्हाय" आलं. पण इतकी वर्षं त्याला कुणी पायरीचं विचारलं असतं, तर तोही "कुठली पायरी?" असंच म्हणाला असता, आणि तितक्याच खऱ्या मनाने. समोर पुतळाबाई रिकामी बादली घेऊन पुन्हा वर येत होती, पायरी ओलांडून.

"रविवारी इकडं ये," तो म्हणाला. "तुना एक पायरी दाखवायची हाय."