मेंढरांचा गेम आणि माझी पत्रं

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या थोरल्यानं मला पंच केलं. तुम्हाला हवा असलेला एक गेम अजून तयारच झालेला नाही, तो करणारे लोक खेळणाऱ्यांकडूनच आधी पैसे मागताहेत, आणि तुमचे बाबा म्हणतात, बाजारात मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो, मग न झालेल्या वस्तूला पैसे कसले? "आजी, तू सांग. द्यायचे की नाही?"

मी म्हणाले, आठवड्यानं सांगते. तुम्हाला वाटलं असेल, आजीला व्हिडिओ गेममधलं काय कळतंय. पण हा प्रश्न या घरात एकदा येऊन गेला आहे आणि तेव्हा माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. ती फोनवर सांगता आली नसती, म्हणून लिहिते.

तुम्ही दोघं फार लहान होता तेव्हाची गोष्ट. तुमची आत्या पुण्यात एका कंपनीत दुसऱ्यांच्या गेममधली झाडं, दगड, आभाळ रंगवायची. एके दिवशी नोकरी सोडून, दोन बॅगा आणि कॉम्प्युटर घेऊन ती इकडे गावी, वाशीला, आपल्या घरी आली. मागच्या खोलीतली ज्वारीची पोती तिनं स्वतः हलवली आणि तिथं टेबल लावलं. म्हणाली, "आई, आता माझा गेम करणार."

तिचा गेम असा होता. एक धनगराची मुलगी आणि तिचा कळप. दिवाळीनंतर घरून निघायचं आणि पाऊस पडायच्या आत परत यायचं. कुणाला मारायचं नाही, कुणाशी शर्यत लावायची नाही. कळप फुटू द्यायचा नाही, उभ्या पिकात घुसू द्यायचा नाही आणि पुढचं पाणी शोधायचं. मी विचारलं, "मग जिंकतं कोण?" ती म्हणाली, "घरी पोचलं की झालं."

आपल्या शेतात दर वर्षी एक धनगर मामा मेंढरं बसवतात. म्हणजे त्यांचा कळप चार-पाच रात्री आपल्या रानात मुक्काम करतो, रानाला खत मिळतं आणि त्याबद्दल आपण त्यांना धान्य देतो. त्या वर्षी आत्यानं त्यांना घरी बोलावून पडद्यावरची मेंढरं दाखवली. मामांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, "ताई, ही तर पोलिसावानी चालत्यात. मेंढरू असं चालत न्हाय. त्ये म्होरल्याच्या शेपटाला तोंड लावून चालतंय. आन् कुत्रं कुठंय?"

आत्यानं केलेलं सगळं पुसलं आणि पुन्हा केलं. पुढच्या खेपेला मामा मला म्हणाले, "बाई, लेकीनं एवढ्या दिवसांत खरी मेंढरं पाळली असती तर आतापतुर दुप्पट झाली असती." तीच सगळ्यांत जास्त हसली. त्यांच्या कळपातल्या घंटांचा आवाज तिनं माळावर बसून टिपून घेतला होता. दिवसभर मागच्या खोलीतून तो यायचा. भाजी निवडताना मला वाटायचं, कळप परसात आलाय.

असा गेम करायला कुठल्याच कंपनीनं पैसे दिले नाहीत. लढाई घाला, मग बघू, असं सगळ्यांचं म्हणणं. तेव्हा तिनं ठरवलं की इंटरनेटवर एक पान काढायचं, थोडी झलक दाखवायची आणि ज्यांना हा गेम खेळावासा वाटेल त्यांनाच पैसे मागायचे.

तुमच्या बाबांनी फोनवर तिला चिडवलं. "म्हणजे तू ढोकीकडच्या ऊसतोडीवाल्यांसारखी आगाऊ उचल घेणार. उचल घेतली की मुकादम सांगेल त्या फडात जावं लागतं, ताईसाहेब."

"दादा, ही उचल नाही. ज्यांना खेळायचंय तेच देणार. दुसरं कोण देणार मेंढरांना पैसे?"

मी दोघांच्या मध्ये पडले. म्हणाले, ही तर लोकवर्गणी. आणि वर्गणीतलं मला कळतं, अशी माझी समजूत होती. माझं माहेर नळदुर्गजवळचं. गावाच्या वेशीपाशी जनावरांना पाणी प्यायला दगडी हौद आहे, तो माझ्या वडिलांनी दारोदार फिरून वर्गणीतून बांधवला. देणाऱ्यांची नावं हौदाच्या दगडांवर कोरली आहेत. मी आत्याला सुचवलं की गेममधल्या हौदांवरही देणाऱ्यांची नावं घाल. आधी ती हसली, मग घातली. लोकांना ते फार आवडलं. पैसे जमले. मुदत होती त्याच्या आतच जमले.

पत्रव्यवहार तिनं माझ्याकडे दिला. "तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि तुला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही." तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. आलेलं पत्र त्याच दिवशी निकाली काढायचं ही माझी शिस्त. मी दोन फायली केल्या. ज्या ईमेलमध्ये काही विचारलं असेल किंवा मागितलं असेल ती छापून निळ्या फायलीत, उत्तरासह. ज्यात नुसतं कौतुक किंवा दोन गोड शब्द असतील ती पिवळ्या फायलीत. अशा पत्रांना उत्तराची गरज नाही. शाळेत आम्ही असंच करायचो.

आणि मागणारे पुष्कळ होते. एकाला लांडगे हवे होते आणि त्यांच्याशी लढायला कुऱ्हाड. एकाला त्या मुलीसाठी घोडा. कुणाला दोघांनी मिळून खेळता यावं असं हवं होतं, कुणाला मेंढरं विकून गाव वसवता यावं असं.

आता माझं काय झालं ते सांगते. वडिलांबरोबर लहानपणी मी वर्गणीला फिरले होते. देणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, ही त्यांची रीत. एका सावकारी बाण्याच्या गृहस्थांनी पैसे देताना सांगितलं होतं की हौदाभोवती शहाबादी फरशी बसली पाहिजे. वडील म्हणाले, "व्हय, बसवू की." फरशी कधीच बसली नाही. ते गृहस्थ वर्षानुवर्षं स्वतःचे बैल त्याच हौदावर आणायचे, पण त्यांनी एकदाही फरशीचं नाव काढलं नाही. सांगणं हा त्यांचा मान होता, हो म्हणणं हा वडिलांचा मान. दोघांनाही ते ठाऊक होतं.

तसंच मी केलं. कुऱ्हाड मागणाऱ्याला मी इंग्रजीत लिहिलं, त्याचं मराठी असं होईल: "आपली सूचना मिळाली. ती स्वीकारली असून गेममध्ये तिचा समावेश करण्यात येईल. आपली विश्वासू." घोडेवाल्याला तेच. गाव वसवणाऱ्यालाही तेच. खाली माझी सही, हुद्दा म्हणून 'पत्रव्यवहार प्रमुख'. तो हुद्दा मीच घेतला होता.

आत्याला मी यातलं काही दाखवलं नाही. तिचं लक्ष विचलित होऊ नये असं वाटायचं. जेवताना ती विचारायची, "आई, लोक काय म्हणतात?" मी म्हणायचे, "सगळे खूश आहेत. तू तुझं काम कर."

काही महिन्यांनी तिनं गेमचा पहिला भाग पैसे देणाऱ्यांना खेळायला दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होते. ती लॅपटॉप उघडाच घेऊन आली आणि ओट्यावर ठेवला. कुणीतरी माझी सात-आठ पत्रं एकाखाली एक लावून सगळ्यांना दिसतील अशी टाकली होती. वर लिहिलं होतं, यातलं एकही दिलेलं नाही, आमची फसवणूक झाली आहे.

"हे तू लिहिलंस?"

"हो. पण अगं, ते आपलं बोलायची रीत म्हणून..."

"आई, ह्या माणसाला वाशी माहीत नाही. त्याला तुझी रीत काय माहीत? त्यानं पैसे दिले आणि तू लेखी हो म्हणालीस."

शेंगदाणे करपले. तिनंच पुढं होऊन गॅस बंद केला. आवाज चढवला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मी म्हणाले, "मी सगळ्यांना लिहिते की चूक माझी आहे." ती म्हणाली, "सही तुझी आहे, पण पानावर नाव माझं आहे. दिलेला शब्द पाळावा लागेल."

मग तिनं लांडगे केले. त्यासाठी कळपाची चाल बदलावी लागली, कारण मामांच्या पद्धतीनं चालणारी मेंढरं लांडग्याला लगेच सापडत होती. मग कुऱ्हाड केली. मग घोडा. मागच्या खोलीतल्या घंटा बंद झाल्या आणि तिथून ओरडण्याचे, आपटण्याचे आवाज येऊ लागले. दिवाळीनंतर मामा पुन्हा कळप घेऊन आले, त्यांना तिनं ते दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"ताई, आधीचं बरं हुतं. ह्ये कुणी सांगितलं?"

"ज्यांनी पैसे दिले त्यांनी, मामा."

"आसं व्हय? आमाला बी तुमी धान्य देताच की. मेंढरं रानात बसतात, खत पडतंय, त्याचं धान्य. म्हून उद्या म्या कुठल्या वाटंनं जायाचं, ह्ये काय बाई सांगत न्हायत."

मी दारात उभी होते. बाईंनी तेच केलं होतं, हे त्यांना कुठं माहीत होतं? मान खाली घालून मी आत गेले.

पावसाळा लागायच्या सुमाराला तिनं काम थांबवलं. म्हणाली, हा आता माझाही गेम राहिला नाही आणि त्यांचाही झाला नाही. उरलेले पैसे परत केले आणि शेवटचं पत्र स्वतः लिहिलं. मी वाचायला मागितलं तर म्हणाली, "वाच, पण दुरुस्त करू नकोस." तिच्या इंग्रजीत दोन चुका होत्या. तशाच गेल्या. महिन्याभरात तिनं पुन्हा पुण्यात नोकरी धरली. आता ती बँकांच्या ॲपसाठी चित्रं काढते. पगार चांगला आहे. गेमचा विषय घरात कुणी काढत नाही.

ती गेल्यावर मी खोली आवरली आणि फायली बांधून ठेवायला घेतल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की निळी फाइल पातळ आहे आणि पिवळी जाड. पिवळीत ज्यांनी काही मागितलं नव्हतं त्यांची पत्रं होती. परदेशातल्या एका बाईंनी लिहिलं होतं की मला लढाईचा कंटाळा आला आहे, हा गेम अगदी जसा आहे तसाच करा. एकानं लिहिलं होतं, माझे आजोबा मेंढपाळ होते, घंटा ऐकून मी थांबलो. एकीनं तर एवढंच लिहिलं होतं की मला घाई नाही. एकालाही मी उत्तर दिलं नव्हतं, आणि एकही पत्र तिच्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं. उत्तराची गरज नाही म्हणून.

त्या दिवाळीला ती आली तेव्हा मी पिवळी फाइल तिच्यासमोर ठेवली. तिनं पाच-सहा पत्रं वाचली. मग फाइलची दोरी नीट बांधून ती माझ्याकडे परत दिली. म्हणाली, "हे तेव्हा द्यायचं होतंस, आई."

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या बाबांचं म्हणणं चुकीचं नाही. न झालेल्या वस्तूचे पैसे बुडू शकतात, म्हणून बुडाले तरी रडू येणार नाही, एवढेच द्यावेत. पण आत्याचंही खरं होतं. काही गेम असे असतात की खेळणाऱ्यांनी दिल्याशिवाय ते कुणीच करणार नाही. तेव्हा द्या, मी म्हणेन. दिल्यावर मात्र घोडा मागू नका. आणि तो गेम जसा आहे तसाच तुम्हाला हवा असेल, तर तेही त्यांना लिहा. एकदा लिहून उत्तर आलं नाही, तर पुन्हा लिहा. तिकडे माझ्यासारखं कुणी बसलेलं असू शकतं.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. एवढी पत्रं लिहिली, पण त्या सबंध काळात मी तो गेम एकदाही खेळले नव्हते. तुमचा फोन आल्यावर, सोमवारी सकाळी, आत्याचा जुना लॅपटॉप काढला. लांडग्यांच्या आधीचा पहिला भाग त्यात अजून आहे. कुठलं बटण दाबायचं ते आत्यानंच फोनवर सांगितलं. का हवंय, ते तिनं विचारलं नाही.

पहिले दोन दिवस माझी मेंढरं सारखी हरभऱ्यात शिरत होती. तिसऱ्या दिवशी कळप एकत्र राहिला. घंटा वाजत होत्या. मी हौदापाशी पोचले, दगडांवरची नावं वाचली. पिवळ्या फायलीतली कितीतरी त्यात होती. कळप पाणी प्यायला. पुढं एक चढ आहे, बोडका माळ, आणि त्यावर एकच बाभळ. तिथं मुलगी थांबते. कितीही बटणं दाबली तरी पाऊल टाकत नाही.

मी आत्याला फोन केला. विचारलं, "अगं, त्या बाभळीच्या पलीकडं काय आहे?"

ती म्हणाली, "काही नाही, आई. पलीकडचं केलंच नाही."

"मला बघायचं होतं गं. मी पैसे देते. काही सांगणार नाही, तुला हवं तसं कर."

"आता नको, आई," ती म्हणाली, आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

लॅपटॉप मी बंद केलेला नाही. मुलगी बाभळीखाली उभी आहे, मागं कळप आहे, आणि दार उघडं असलं की स्वयंपाकघरात घंटा ऐकू येतात.