कॉफीवरची बंदी आणि येसराचा डबा

माझा कॅन्सर गेला आणि त्याच आठवड्यात आमच्या घरातून कॉफीही गेली. पहिल्याला डॉक्टरांनी घालवलं, दुसरीला आमच्या यांनी.

आमचे हे म्हणजे भाऊसाहेब. नेवाशाजवळच्या एका खेड्यात आमची शेती आहे, ऊस आणि कांदा. माणूस तसा अगदी गरीब स्वभावाचा. बैल ऐकत नव्हते म्हणून यांनी ट्रॅक्टर घेतला (तोही फारसं ऐकत नाही). पण माझ्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, किमो झाली, केस गेले, परत आले, आणि शेवटी एकदा नगरचे डॉक्टर म्हणाले, "सगळं छान आहे, आता फक्त आहार सांभाळा." झालं! फौजदारकीची ऑर्डर हातात पडावी तसे ते शब्द घेऊन हे घरी आले आणि चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरातले डबे उघडायला लागले. साखर गेली, मैदा गेला, बिस्किटं शेजारी गेली, पापड जावेच्या घरी गेले. सगळ्यात शेवटी कॉफीची बाटली हातात धरून ते माझ्याकडे बघत उभे राहिले.

"ही करपवलेली पूड हाय," ते म्हणाले. "करपलेलं अंगाला चांगलं नसतं."

मी म्हटलं, करपते तर भाकरीही. मला वाटलं, आता गप्प बसतील. दुसऱ्या दिवसापासून ते भाकरीवरचे काळे डाग नखाने खरवडून कोंबड्यांना घालायला लागले. कॉफीवरची बंदी काही उठली नाही ती नाहीच.

आमचा सगळा मुलूख चहाचा. आमच्याकडे कॉफी पितात ती नवीन पाहुण्यासमोर शायनिंग मारायला, नाहीतर पोटात दुखत असेल तर. मला ही सवय लागली साखर कारखान्यात. तिथल्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. साहेबांना दुपारी कॉफी लागायची, कँटीनवाला भरलेला थर्मास आणून ठेवायचा आणि साहेब नेमके मीटिंगला गेलेले असायचे. अन्न वाया घालवू नये या एकाच हेतूने मी सुरुवात केली. पुढे साहेब बदलले, नोकरी संपली, कॉफी तेवढी राहिली. सकाळची कामं उरकली की मागच्या पायरीवर बसून एक कप, कोणाशी न बोलता. अख्ख्या दिवसात माझं म्हणून तेवढंच.

किमोच्या दिवसांत तोंडाची चव गेली होती. वरण, आंबा, पाणी, सगळंच खिळे चघळल्यासारखं लागायचं. उपचार संपल्यावर एका सकाळी सवयीने कॉफी केली, घोट घेतला, आणि ती चक्क कॉफीसारखी लागली! त्या पायरीवर बसून मी हमसून हमसून रडले. ऑपरेशनलाही रडले नव्हते. आपण वाचलो, हे मला डॉक्टरांच्या आधी त्या कपाने सांगितलं होतं, आणि हे नेमका तोच कप बंद करायला निघाले होते.

त्यात अक्का आल्या. अक्का म्हणजे भाऊसाहेबांची पाथर्डीला दिलेली थोरली बहीण. आजाऱ्याला भेटायला येताना आमच्याकडे माणूस नारळपाणी, सफरचंदं आणि सल्ला घेऊन येतो. अक्कांची सफरचंदं लवकर संपली. ओट्यावर बसून, बोटावर मिश्री घेऊन दातांवर फिरवत फिरवत त्या मला कॅन्सर कशाकशाने होतो ते समजावून सांगत होत्या, आणि त्यात कॉफी पहिल्या नंबरावर होती. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की, हे मी हळूच सुचवून बघितलं. तर म्हणाल्या, ती दाताला लावायची असते, पोटात कुठं जाती? भाऊसाहेबांनी मान डोलावली. बहीणभावांचं एकमत झालं म्हटल्यावर संपलंच.

मी म्हणायचे, डॉक्टरांना विचारा ना एकदा. हे म्हणायचे, डॉक्टर शहरातला माणूस, तो सोताच पीत असंल. खरं सांगायचं तर मीही विचारत नव्हते. तपासणीला गेले की शब्द अगदी ओठांवर यायचा आणि मी तो गिळायचे. डॉक्टरच "नको" म्हणाले तर पुढे भांडायचं कोणाशी?

म्हणून मी सरळ चोरी केली. नगरला तपासणीला गेलो असताना हे औषधांच्या दुकानात रांगेत उभे होते, तेवढ्यात मी शेजारच्या दुकानातून कॉफीचा चांगला दणदणीत पुडा घेतला आणि रिपोर्टच्या पिशवीत तळाला सारला. प्रश्न होता ठेवायचा कुठे. घरातला डबा न् डबा हे उघडून बघायचे. एकच सोडून. येसराचा! येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले खमंग भाजून केलेली पूड. आमटीला लावायची, की आमटी दाट होते. रंग तपकिरी, थेट कॉफीचा. घरचं, पौष्टिक, म्हणून त्या डब्याला तपासणी माफ होती. आतलं येसर संपतच आलं होतं. मी डबा स्वच्छ पुसला आणि पुडा त्यात रिकामा केला.

सकाळी वीज आली की हे मोटर चालू करायला मळ्यात जात. की मी कॉफी करायचे. पण वासाचं काय? मग मी कढईत तेल तापवून त्यात मूठभर लसूण जाळायचे. त्या धुरात कॉफीचा वास मरायचा. कॉफीलाही लसणाचा वास लागायचा, पण आता तक्रार कोणाकडे करणार? हे मळ्यातून आले की नाक वर करून खूश व्हायचे. आमची ही आता लसूण लई खाती, असं त्यांनी पारावर चारचौघांत कौतुकाने सांगितलं.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर यांना नवस आठवला. मी बरी झाले तर भावकीला जेवू घालीन, असं हे गावच्या देवीला बोलले होते. कांदा काढणीच्या दिवसांत मळ्यातल्या कडुलिंबाखाली पंगत ठरली. भाकरी, येसराची आमटी, भात, लापशी. (लापशीत गूळ बेताचा. नवसालाही पथ्य!) मला कशालाही हात लावू द्यायचा नाही, असा हुकूम होता. मला खुर्चीत बसवून अंगावर शाल टाकली. उन्हाळ्यात शाल! सगळा स्वयंपाक माझी धाकटी जाऊ मंदा हिच्यावर सोपवला. मंदाच्या हाताला चव आहे, पण त्या दिवशी तिला सर्दी झाली होती, आणि कॉफी तिने जन्मात प्यायलेली नाही.

मी शाल सावरत येणाऱ्या-जाणाऱ्याचे नमस्कार घेत होते, तेवढ्यात मंदा माझ्यासमोरून गेली. तिच्या हातात माझा डबा होता. उघडा, उपडा, रिकामा. धुवायला निघाली होती.

"ताई, आमचं येसर कमी पडलं," ती नाक ओढत म्हणाली. "मग तुमच्यातलं सगळं घातलं."

ओरडावं, तर चोरी उघडी पडणार. गप्प बसावं, तर अख्खी भावकी कॉफीची आमटी जेवणार. मी शूर बाई आहे, एवढ्या मोठ्या आजाराला तोंड दिलं, असं सगळे त्या दिवशी मला येऊन सांगत होते. त्या शूर बाईने शाल डोक्यावरून घेतली आणि डोळे मिटले. भानावर येऊन एवढंच केलं, की पोरांना आमटी तिखट लागेल म्हणून त्यांना नुसता लापशी-भात वाढायला लावला.

पंगत बसली. अक्कांनी भाकरी चुरली, आमटी ओतली, पहिला घास घेतला आणि थांबल्या. मी मनात देवीचा धावा केला. अक्कांनी दुसरा घास घेतला आणि म्हणाल्या, येसर लई खमंग भाजलंय. पुढे काय विचारता! वाढपी पातेली घेऊन पळताहेत आणि लोक वाटी पुढे करताहेत. नाना म्हणून भाऊसाहेबांचे चुलते आहेत, ते तर भाकरी बाजूला ठेवून नुसती आमटीच ओरपत होते.

आमटी-भाकरी जेवली की आमची भावकी झाडाखाली आडवी होते, ती उन्हं कलल्यावरच उठते. हा रिवाज आजवर कोणी मोडलेला नाही. त्या दिवशी घोंगड्या अंथरल्या, सगळे आडवेही झाले, आणि हळूहळू एकेक जण उठून बसायला लागला. नानांनी काठी उचलली आणि भर उन्हात उसाला फेऱ्या मारायला सुरुवात केली. बायकांचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी विळे मागून घेतले आणि शेजारच्या वाफ्यात आमच्या उपटून ठेवलेल्या कांद्याची पात कापायला बसल्या. पुरुष गोण्या भरायला लागले. मजूर मिळत नाहीत म्हणून आठवडाभर पडून राहिलेलं काम पाहुण्यांनी चहाच्या आत उरकलं! अक्का एका दमात इतकं बोलल्या की त्यांच्या मिश्रीची डबी तशीच कनवटीला राहिली.

भाऊसाहेबांची छाती अभिमानाने भरून आली होती. ते लिंबाच्या पारावर चढले. भाषण त्यांच्या सात पिढ्यांत कोणी केलेलं नाही, पण त्या दिवशी तेही झालं. सात्त्विक जेवणाचा हा गुण बघा, ते म्हणाले. आमच्या घरातून कॉफी काढल्यापासून आमाला पन असंच ताजंतवानं वाटतंय. बोलताना त्यांचा आवाज चढला होता आणि उजवा पाय सारखा हलत होता. मला शालीखाली इतकं हसू कोंडलं की डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटलं, वहिनींना भरून आलं.

निघायची वेळ झाली. नणंदेला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. मंदाने हळदी-कुंकू लावलं, खण-नारळ दिला. अक्का म्हणाल्या, नारळ राहू दे, मला ते येसर दे थोडं. मंदा भली बाई. डब्यातलं सगळं घातलं असलं, तरी वाटीत काढलेलं थोडं उरलं होतं. तिने ती वाटी आणली आणि अक्कांना पुडी बांधून द्या म्हणून नेमकी यांच्या हातात दिली.

भाऊसाहेबांनी पुडी बांधता बांधता सवयीने वास घेतला. मग परत घेतला. बोटाला लावून जिभेवर ठेवलं. आणि माझ्याकडे बघितलं. आता सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढतील, असं वाटून मी शाल घट्ट धरली. पण त्यांनी पुडीची गाठ मारली आणि अक्कांच्या पिशवीत टाकली.

सगळे गेल्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसले. रागावले असते तर मी तयार होते, तोंडात चार उत्तरं जुळवून ठेवली होती.

"ऑपरेशन डॉक्टरनी केलं," ते म्हणाले. "दुखलं तुला. मी निसता बाहेर बाकावर बसून हुतो. मला काय करताच येत न्हवतं, सुमन. मग घरी आल्यावर जे हाताला लागलं ते बंद करत सुटलो."

चारही उत्तरं सोडून मी म्हटलं, अहो, मी कुठे जात नाही. ते म्हणाले, व्हय. आणि शालीच्या टोकाने त्यांनी नाक पुसलं.

पुढच्या तपासणीला मी तोंड उघडायच्या आत यांनीच डॉक्टरांना विचारलं. विचारताना आवाज एवढा बारीक झाला होता की डॉक्टरांना वाटलं, काही गंभीर आहे. ऐकून डॉक्टर हसले. तुमच्या तब्येतीला कॉफी चालेल, म्हणाले. दिवसाला एक, फार तर दोन कप, साखर अगदी कमी, झोप उडत असेल तर संध्याकाळी नको. इतके महिने मी ज्या उत्तराला घाबरत होते, ते हे! भाऊसाहेबांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि येताना कॉफीची बाटली स्वतःच्या हाताने घेतली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण माझ्यासाठी काहीतरी करायचं राहिलं, हे यांच्या मनातून जाईना. त्यामुळे आता रोज सकाळी कॉफी हे करतात. चहासारखी उकळून उकळून. आलं ठेचून, तुळशीची पानं घालून, अंगाला चांगली म्हणून वर हळद. आणि मी संपवेपर्यंत समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी डोळे मिटते, श्वास रोखते आणि एका दमात गिळते. अशी तर मी किमोची औषधंही घेतली नव्हती! पहिल्याच दिवशी त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून "छान झालीय" निघून गेलं, म्हणून लगेच दुसरा कपही मिळतो. डॉक्टरांनी दोनपर्यंत परवानगी दिली आहे ना, आणि ती मिळवलीय यांनीच!