मचाणावर शून्य दाणे

'साधनव्यक्ती' हा शब्द मला पहिल्यांदा चिकटवला गेला तेव्हाच मी उठून घरी यायला हवं होतं. साधन आधी, व्यक्ती नंतर. पण तेव्हा मी तिशीतली होते. हायस्कूलमध्ये इतिहास आणि त्याच्या शेपटीला बांधलेलं नागरिकशास्त्र शिकवत होते. परीक्षा जवळ आली की घाईघाईत उरकायच्या या विषयाचा कोणाला तरी उपयोग वाटतोय, याचंच मला अप्रूप होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावाचा आराखडा गावानेच करायचा, पैसा कशावर खर्च व्हावा हे बायामाणसांना विचारून मगच अंदाजपत्रकात घालायचं, असं वारं सुटलं होतं. वारं चांगलं होतं, हे मी आजही म्हणते. पुण्याकडच्या एका संस्थेने आमच्या वर्धा जिल्ह्यातली काही गावं 'घेतली' होती. घेतली हा त्यांचाच शब्द, कोणी वावर मक्त्याने घ्यावं तसा. त्या संस्थेच्या तज्ज्ञ बाई हायवेवरच्या जाम गावच्या चौकात बसमधून उतरायच्या, तिथून जीपने आमच्याकडे यायच्या, आणि त्यांच्यासोबत गावोगाव फिरून लोकांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं.

माझी शाळा वडनेरच्या पुढे, जरा मोठ्या गावात. नाल्यापलीकडे एक लहान गाव होतं. तिथे सातवीपर्यंतच शाळा, त्यामुळे आठवीपासून पोरी आमच्याकडे यायच्या. नाल्यात कोणे एके काळी टाकलेले मोठे दगड होते, त्यांवर पाय ठेवत यायचं. पावसाळ्यात दगडांवरून पाणी जायचं आणि पोरींच्या हजेरीत नुसते खाडे पडायचे. ज्या यायच्या त्या गणवेश पिशवीत बांधून, कमरेपर्यंत भिजून यायच्या आणि शाळेमागच्या खोलीत कपडे बदलायच्या. या गावाला सरकारकडून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे रपटा. नाल्यात सिमेंटचे पाइप टाकायचे, त्यावर सपाट काँक्रीट. पूल म्हणायलासुद्धा लाज वाटावी इतकं साधं काम.

माझ्या आठवीच्या वर्गात त्या गावची एक पोरगी होती. तिची आई तिथल्या बचत गटाची अध्यक्ष. बोलायला खमकी, पण नवऱ्यापुढे तिचं फार चालत नसे. बैठकीच्या आदल्या आठवड्यात ती बाजारात भेटली आणि माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, त्या रपट्याचं यंदा कराच काई. पोरीचा बाप म्हनून राह्यला, पान्यातून पोरगी धाडाची नाई. या पावसाळ्यात ते घरी बसली तं पुन्हा शाळेत येत नाई, तुमाले सांगतो."

मी म्हटलं, काळजी करू नकोस, आता तुम्हालाच विचारणार आहेत. केवढ्या तोऱ्यात म्हटलं मी! मला माझा तो आवाज आठवला की अजून चिडायला होतं.

बैठक नाल्यापलीकडच्या गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात झाली. तज्ज्ञ बाईंनी सतरंजीवर चित्रांची कार्डं मांडली. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही मत देता यावं म्हणून चित्रं. प्रत्येक बाईला दहा दाणे द्यायचे, तिने आपल्याला हव्या त्या कामाच्या चित्रावर हवे तितके ठेवायचे. ज्यावर दाणे जास्त, ते काम आधी. कल्पना झकास होती. दाणे तुरीचे, माझ्याच घरचे. एका म्हातारीने आधी विचारून घेतलं, "हे वापस द्या लागतीन का घरी नेता येते?" सगळ्या हसल्या. तज्ज्ञ बाईही हसल्या. त्या वाईट नव्हत्या, हे लिहायला मला त्रास होतो. वाईट असत्या तर काम सोपं झालं असतं.

कार्डं शहरातल्या कुठल्याशा चित्रकाराने काढलेली. नळ, दिवा, दवाखाना, सभामंडप ओळखू येत होते. मधे एका कार्डावर चार उभे बांबू होते, त्यांवर आडव्या फळ्या, बाजूला काठीचा कठडा आणि मागे दोन नारळाची झाडं. कार्डाच्या मागे लिहिलं होतं, 'पूल'. तो कोकणातला साकव होता. चित्रकाराने पूल म्हणून त्याच्या मनातला पूल काढला होता. आता आमच्याकडे नारळ देवळात दिसतो आणि साकव कुठेच दिसत नाही. बायांनी चित्र हातात घेतलं, आडवं केलं, उभं केलं.

"हे मचान होय," एकीने निकाल दिला.

"मचानच. डुकरं हाकलाले बसते ते."

"मंग ते सरकारले काऊन मांगाचं? ज्याचं वावर त्यानं बांधावं."

कार्ड पुढे सरकलं. पोरीच्या आईने सगळी चित्रं दोनदा पाहिली आणि माझ्याकडे वळली. "मॅडम, यात रपटा कुठी हाय?"

तज्ज्ञ बाईंनी मला हळूच विचारलं, "रपटा म्हणजे?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आहे की, पुलाचं कार्ड आहे."

"पण त्यांना ते ओळखू येत नाहीये. मी सांगते त्यांना."

"नाही, नाही." त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "आपण सुचवायचं नाही. लोकांच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत. आपण तटस्थ."

"अहो, त्यांच्याच तोंडात शब्द आहे. रपटा म्हणतायत त्या. तुमच्या कार्डात तो नाही."

"गरज खरोखर तीव्र असेल ना, तर लोक चित्र शोधून काढतात," त्या म्हणाल्या. समजूत घालावी तशा, अगदी गोड आवाजात.

इथे मी काय करायला हवं होतं हे शेंबड्या पोराला कळलं असतं. कार्ड उचलायचं, बायांसमोर धरायचं आणि सांगायचं की बायांनो, याला रपटा समजा. पण मी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. तटस्थ राहण्यावर त्यात एक अख्खी दुपार होती आणि मी वहीत ते अधोरेखित करून ठेवलं होतं. पोरांना अन्यायाविरुद्ध बोला म्हणून शिकवणारी मी, मूग गिळून बसले. मी काही बोलत नाही म्हटल्यावर पोरीच्या आईने आपले दाणे सभामंडपाच्या चित्रावर ठेवले. त्या चित्रात छपराखाली बाया गोल करून बसल्या होत्या. "या आपनच दिसतो," असं म्हणत बाकीच्यांनीही तिथेच ढीग केला. त्यांना वाटलं, बैठकीचं चित्र आहे तर बैठकीत सांगायचं ते याच्यातच आलं.

मग दाणे मोजून मोठ्या कागदावर लिहायचं काम माझं. सभामंडप पहिला. सगळ्यात खाली मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, पूल: शून्य. खाली बायांच्या सह्या, अंगठे आणि शेवटी माझी सही. कागदासोबत सगळ्यांचा फोटो निघाला. फोटोत मी हसते आहे.

सभामंडप मात्र झाला. वर्षाच्या आत झाला, टिनाचं छप्पर, गुळगुळीत फरशी. कोणी म्हणावं, बघा, लोकांनी मागितलं आणि मिळालं.

पोरीला बापाने एक पावसाळा सवलत दिली होती. पुढच्या जूनमध्ये ती नववीत आली, आणि पोळ्याच्या आधी एकदा नाल्यात तिचा पाय घसरला. शेजारच्या वावरातल्या माणसाने हाताला धरून ओढलं म्हणून निभावलं. दप्तर गेलं. बापाने त्याच दिवशी शाळा बंद केली. आई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली ती रडत नव्हती, भडकली होती. "रपट्याचा कागद लिहा मॅडम. मी घेऊन जातो तालुक्याले. बाप म्हनते, रपटा झाला तं धाडतो."

मी अर्ज लिहिला, ग्रामसभेचा ठराव जोडला आणि दोघी मिळून कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज बाजूला ठेवून कपाटातून फाइल काढली. संस्थेचा अहवाल होता, चकचकीत मुखपृष्ठाचा. त्यांनी बोट लावून वाचलं, "लोकांचा प्राधान्यक्रम. पूल, शून्य." मग चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "बाई, तुमच्याच गावानं एकही दाना ठेवला नाई. आता आमी लोकांच्या इच्छेच्या विरोधात जावं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या कचेरीने उभ्या आयुष्यात कोणाची इच्छा विचारली नव्हती, तिला आता लोकांच्या इच्छेचा एवढा पुळका! मी मचाणाची सगळी हकिकत सांगितली. साहेब खुदकन हसले. "म्हंजे अहवाल चुकीचा हाय म्हनता? सही तुमचीच दिसते मॅडम. चुकीचा म्हनलं तं सभामंडपपन चुकीचाच. लिहून देता का तसं?" तरी मी लिहून दिलं. ते म्हणाले, "तुमच्या एकटीचं चालत नाई. संस्थेचं पत्र आना."

संस्थेला मी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं. माझं निरीक्षण फार मोलाचं आहे, कार्डांच्या पुढच्या आवृत्तीत त्याचा जरूर विचार होईल, आणि झालेल्या प्रक्रियेत मागाहून फेरफार केल्यास तिच्या विश्वासार्हतेला बाधा येते. सोबत नागपूरच्या एका कार्यशाळेचं आमंत्रण होतं. दुरुस्तीचं पत्र मात्र नव्हतं.

मी गेले. म्हटलं समोरासमोर मागू. सभागृह थंडगार, पुढे पाण्याच्या बाटल्या, आणि मंचावर आमच्याच तज्ज्ञ बाई. त्या लोकसहभागातल्या गमतीजमती सांगत होत्या, आणि त्यांतली एक आमची होती. पडद्यावर ते कार्ड आलं आणि त्या म्हणाल्या, "वर्धा जिल्ह्यातल्या महिलांना हे काय वाटलं असेल? मचाण!" सभागृह खळखळून हसलं. मग कोणीतरी स्थानिक दृश्यभाषेवर बोललं, कोणी त्यावर निबंध लिहिण्याजोगा आहे म्हणालं. सगळे शिकलेसवरलेले, लोकांच्या बाजूचे म्हणवणारे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांवर व्याख्यानं देणारे, आणि उंट प्रत्येकाचा स्वतःचा.

मी उभी राहिले. माईकची वाट पाहिली नाही. म्हटलं, "त्या शून्यामुळे माझ्या वर्गातली एक पोरगी घरी बसली आहे. हसून झालं असेल तर मला एका ओळीचं पत्र द्या. त्या दिवशी बाया तोंडाने रपटा मागत होत्या आणि आम्ही ते लिहून घेतलं नाही, एवढंच." अध्यक्ष म्हणाले, ताईंच्या भावना आपण समजू शकतो. भावना! मी पुरावा देत होते आणि त्यांनी त्याची भावना करून टाकली. मग चहाची सुट्टी झाली. तज्ज्ञ बाई माझ्याजवळ आल्या, त्यांचे डोळे खरंच ओले होते. त्या म्हणाल्या, मी वरिष्ठांशी बोलते. बोलल्याही असतील. पत्र आलं नाही.

दोनेक वर्षांनी आराखड्याची नवी फेरी आली आणि कार्डांचा नवा संच आला. त्यात रपटा होता. पाइप, काँक्रीट, कडेला बाभळी, डोक्यावर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा घेतलेली बाई. हुबेहूब. वरातीमागून घोडं आलं, पण घोडं खरं होतं. या वेळी कोणी काही म्हटलं तरी मी बोलायचंच, असं ठरवून मी संच घेतला आणि आधी पोरीच्या आईच्या घरी गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. मी कार्ड तिच्यापुढे धरलं. तिने सूप खाली ठेवलं, कार्ड नीट पाहिलं आणि परत दिलं.

"चांगलं काढलं," ती म्हणाली. "मी येत नाई मॅडम बैठकीले. बाकीच्याइलेबी सांगितलं, जाऊ नका."

मी म्हटलं, "अगं, या वेळी नक्की होईल. तुम्ही आला नाहीत तर पुन्हा तेच लिहितील."

"पयले आमाले कोनी विचारतच नोतं. तवा निदान सरकारले शिव्या तं देता येत होत्या. नाल्यात उभं राहून देत होतो, मोठ्यानं. तुमी विचारलं, आमचे अंगठे घेतले. आता शिव्या कोनाले देऊ, सांगा?"

"मला दे," मी म्हटलं. खरंच म्हटलं. तिने दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ती माझ्याकडे रागाने बघत नव्हती, आणि तेच मला सोसवेना. "तुमाले काऊन?" ती म्हणाली. "आमी दाना ठेवला नाई, तुमी शून्य लिहिलं. इमानदारीनं लिहिलं. त्या पुन्याच्या बाईनं तिचा नियम पाळला, सायबानं कागद वाचला. चूक कोनाचीच नाई मॅडम. अन् पोरगी दुसऱ्याच्या वावरात तन निंदाले जाऊन राह्यली."