पांढऱ्या घोड्याचा रिपोर्ट

शालनताई देवकुळे तशा मनानं वाईट नाहीत, पण कुणी त्यांना चुकीचं ठरवलं की समोरच्याची खैर नसते. त्या आठवड्यात त्यांना चुकीचं ठरवलं होतं एका कागदानं. कागदाशी भांडता येत नाही, म्हणून त्या उरलेल्या जगाशी भांडत होत्या.

बिबवेवाडीत त्यांचा लाकडी खेळण्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन गाळे, तीन लेथ आणि अकरा बायका. नवरा दिगंबर कंपनीतून लवकर घरी बसला तेव्हा त्यानं पहिला लेथ आणला. तो लाकूड फिरवायचा, ह्या रंगवायच्या. त्याला आता बावीस वर्षं झाली. यंदा पहिल्यांदाच परदेशातून मागणी आली होती. मेलबर्नच्या एका दुकानदाराला दोरीनं ओढायचे नऊशे पांढरे घोडे हवे होते, नाताळच्या आत. मागणी पुरी झाली तर वर्षभराचं काम पक्कं, नाहीतर चार-पाच बायकांना घरी बसवावं लागणार. हे शालनताई कुणापाशी बोलल्या नव्हत्या, पण बायकांना ते केव्हाच कळलं होतं.

दुकानदाराची अट साधी होती. घोड्याची चाचणी मान्यताप्राप्त लॅबमध्ये करायची आणि रिपोर्ट गुरुवारपर्यंत पाठवायचा. शुक्रवारी तो माल दुसऱ्याला सांगून मोकळा होणार होता. शालनताई उखडल्याच. इथला सरकारी मार्क मिळवताना कमी का चपला झिजल्या होत्या? मुलगा रोहन कारखान्याचा पत्रव्यवहार बघतो. त्यानं शांतपणे समजावलं की आपलं खेळण्यांचं मानक आणि त्यांचं मानक, दोन्ही एकाच आंतरराष्ट्रीय मानकावरून घेतलेली आहेत. म्हणून तर पुण्यातल्या लॅबचा कागद तिकडे चालतो, नाहीतर घोडा मेलबर्नला पाठवून तिथल्या साहेबाची वाट बघत बसावं लागलं असतं. हे त्यांना पटलं, पण पटलंय असं त्या म्हणाल्या नाहीत. नमुन्याचा घोडा मात्र त्यांनी स्वतः निवडला आणि स्वतः खोक्यात भरला.

सोमवारी रिपोर्ट आला. पांढऱ्या रंगात शिसं, मर्यादेच्या तिप्पट. नापास.

शालनताई तशाच रिक्षात बसल्या आणि रविवार पेठेत हिंदुरावांच्या रंगाच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी हिंदुरावांचे वाभाडे काढले. हिंदुरावांनी सगळं ऐकून घेतलं, गल्ल्यामागून त्या रंगात शिसं नसल्याचा दाखला काढला आणि काउंटरवर ठेवला.

"ताई, आपण माझ्याकडून डबा नेलात. घोडा नाही नेलात."

दाखला खरा होता. रोहननं तोच डबा लॅबला पाठवून त्यातलं नुसतं शिसं तातडीनं तपासून घेतलं, तर रंग स्वच्छ निघाला. मग शालनताईंचा संशय लाकडावर गेला, वॉर्निशवर गेला, शेवटी लॅबच्या यंत्रावर गेला. मंगळवारी दिवसभर त्या लेथच्या आवाजावर आवाज चढवून बोलत होत्या. कुठेतरी गार खोलीत बसून कुणी नियम लिहिणार, तिकडच्या गोऱ्या पोरानं घोडा चाटला तर काय होईल म्हणून. आमची पोरं नाही का लाकडं चाटून मोठी झाली? काय झालं त्यांना? दिगंबरनं वाद घातला नाही. त्याला एवढ्या वर्षांचा अनुभव होता.

बुधवारी त्या भोसरीला लॅबमध्ये गेल्या. उत्कर्षा नावाच्या मुलीनं चाचणी केली होती. मुलगी जेमतेम पंचविशीची, पण शालनताईंच्या आवाजाला अजिबात बधली नाही. तिनं उरलेला घोडा टेबलावर आणून ठेवला. पहिल्या वेळी रंग डोक्याचा खरवडला होता, म्हणून काल तिनं आपणहून पायांचा खरवडून पाहिला. पाय साफ निघाले. शिसं फक्त कपाळावर होतं, आणि तिथे भिंगातून बघितलं तर रंगाच्या फटींत लाल कण दिसत होते.

"काकू, इथे काही लावलं होतं का?"

कुंकू, शालनताई हळूच म्हणाल्या. कोणताही माल कारखान्याबाहेर निघायचा तर पहिल्या नगाला त्या कुंकू लावतात. बावीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. हा पहिला परदेशी माल, म्हणून तर नमुन्याला दुसरा कुठला घोडा नको, कुंकवाचाच हवा, असं त्यांनी ठरवलं होतं. लॅबवाल्यांना अस्वच्छ वाटू नये म्हणून ओल्या फडक्यानं पुसलाही होता. पुसलं कसलं, कुंकू आणखी आत घातलं. हिंदुरावांचं तोंड आठवून त्यांना भयंकर शरम वाटली.

उत्कर्षानं सांगितलं की बाजारातल्या सुट्या कुंकवात कधीकधी शिसं सापडतं. नवा नमुना द्या, पण घोड्याची सगळी चाचणी पहिल्यापासून होईल, घाई केली तरी रिपोर्ट सोमवारीच मिळेल. शालनताईंनी तिथल्या तिथे रोहनला फोन लावला. त्यानं मेलबर्नला जसं घडलं तसं कळवलं. अर्ध्या तासात उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, पण सोमवारपर्यंत थांबता येणार नाही, पुढच्या वर्षी जरूर बघू.

म्हणजे घोडे गेले. चार बायका की पाच, आणि त्या कोणत्या, हे आता ठरवायला लागणार होतं. आणि ह्या वेळी राग काढायलाही कुणी उरलं नव्हतं. शालनताई खुर्चीत बसूनच राहिल्या. उत्कर्षानं पाणी आणून दिलं. मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं, ते कुंकू घरी आणखी कशाला वापरता?

शालनताईंनी पेला खाली ठेवला. चैताली, त्यांची नात, चार वर्षांची. रोज सकाळी पूजा झाली की आजी त्याच कुंकवाचं बोट तिच्या कपाळाला लावते, आणि पोरगी ते पुसून बोट तोंडात घालते. सगळे हसतात. आज सकाळीही हसले होते.

त्यांनी पुन्हा फोन उचलला. ह्या वेळी घरचा नंबर लावला.

"दिगंबर, चैतालीचं कपाळ धू. हातही धू. आत्ताच्या आत्ता."